पाणी फेकणारी गाडी आणि न दिसणारी टाकी

अँबॅसिडर, फियाट, मॉरिस मायनर किंवा महिंद्रांनी मुंबईत जोडलेली विलीज जीप ज्यांनी सांभाळली आहे, त्यांना उभ्या गाडीच्या रेडिएटरखाली पसरणारं पाणी ओळखीचं असतं. खंडाळ्याचा घाट चढून गाडी बाजूला घ्यावी, इंजिन बंद करावं आणि दोन-चार मिनिटांत एका बारीक नळीतून कढत पाणी रस्त्यावर सांडू लागावं. मेकॅनिक याला ‘गाडी पाणी फेकते’ म्हणतात. मालकाला वाटतं, गाडी तापली. थंड झाल्यावर तो रेडिएटर पुन्हा काठोकाठ भरतो आणि पुढच्या फेरीला गाडी पुन्हा तेवढंच पाणी बाहेर टाकते. यात गाडीचा दोष बहुतेक वेळा काहीच नसतो. तिची बांधणीच तशी आहे.

पाणी तापलं की फुगतं, ही शाळेत शिकलेली गोष्ट इथे कामाला येते. तीस अंशांवरचं पाणी नव्वद अंशांपर्यंत तापलं, तर त्याचं आकारमान सुमारे तीन टक्क्यांनी वाढतं. इंजिन, रेडिएटर आणि होज पाईप मिळून आठ लिटर पाणी असेल, तर जवळजवळ पाव लिटर पाण्याला नवी जागा हवी. पाण्यात ग्लायकॉलचं कूलंट मिसळलं असेल तर फुगवटा आणखी थोडा जास्त. जुन्या गाड्यांच्या रेडिएटरला वर पितळेची एक टाकी असते. तिच्यात बोट-दीड बोट रिकामी जागा राहील, हे आखणाऱ्यांनी गृहीत धरलं होतं. पाण्यानं फुगायचं ते त्या जागेत. आपण ती जागाच भरून टाकतो, मग जास्तीचं पाणी ओव्हरफ्लोच्या नळीतून बाहेर जातं.

ते गाडी बंद केल्यानंतरच का जातं, याचंही साधं कारण आहे. गाडी चालू असताना वॉटर बॉडी, म्हणजे पाण्याचा पंप, पाणी फिरवत असतो आणि पंखा रेडिएटरवर वारा घेत असतो. चावी फिरवली की दोन्ही थांबतात. पण सिलेंडर हेडचं लोखंड अजून भयंकर तापलेलं असतं आणि ती सगळी उष्णता आता जागच्या जागी थांबलेल्या पाण्यात उतरते. त्यामुळे इंजिन बंद झाल्यावर पुढची काही मिनिटं पाण्याचं तापमान उतरायच्या ऐवजी चढतं. म्हणूनच जुने ड्रायव्हर घाट चढून आल्यावर लगेच इंजिन बंद करत नसत, मिनिट-दोन मिनिटं सावकाश चालू ठेवत. ती सवय आजही योग्यच आहे.

यावर उपाय म्हणजे ओव्हरफ्लोच्या नळीच्या टोकाला एक लहान साठवण टाकी लावणं: बाहेर गेलेलं पाणी ती धरून ठेवते आणि इंजिन निवल्यावर परत देते. पण आधी झाकणाकडे वळू, कारण या टाकीची सगळी करामत झाकणावर अवलंबून आहे. रेडिएटरचं दाबाचं झाकण म्हणजे दोन झडपा असलेलं छोटं यंत्र. मोठी झडप स्प्रिंगनं खाली दाबलेली असते. आतला दाब ठरावीक मर्यादेपलीकडे गेला की ती उचलते आणि पाणी ओव्हरफ्लोच्या नळीत जाऊ देते. त्या काळच्या गाड्यांना चार किंवा सात पौंडांची झाकणं असत, नंतरच्या गाड्यांना तेरा-पंधरा पौंडांची आली. दाब वाढला की उकळबिंदू वाढतो. सात पौंडांच्या झाकणाखाली साधं पाणी सुमारे १११ अंशांना उकळतं, पंधरा पौंडांच्या झाकणाखाली १२० च्याही थोडं पुढे. उंचीवर याचं मोल जास्त कळतं. महाबळेश्वर समुद्रसपाटीपासून साडेतेराशे मीटरच्या आसपास आहे. तिथे उघड्या भांड्यातलं पाणी ९५-९६ अंशांनाच उकळतं. वाईहून पसरणीचा घाट चढून पाचगणीला येणाऱ्या आणि पुढे महाबळेश्वर गाठणाऱ्या जुन्या गाडीचं झाकण दाब धरत नसेल, तर तेवढे चार-पाच अंश तिला महागात पडतात.

दुसरी झडप मोठ्या झडपेच्या मध्यभागी असते आणि ती उलट्या दिशेनं उघडते. इंजिन थंड झालं की पाणी आकसतं, आत पोकळी तयार होऊ लागते. ही छोटी झडप उघडते आणि बाहेरून काहीतरी आत घेते. जुन्या गाडीत बाहेर काय असतं? हवा. थोडक्यात, तापताना पाणी बाहेर, थंड होताना हवा आत. काठोकाठ भरायची सवय असेल, तर हे चक्र दर फेरीला फिरत राहतं.

इथे एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी, कारण बाजारात टाकी विकणारे ती सांगत नाहीत. टाकी बसवल्यानं गाडी थंड चालत नाही. रेडिएटरच्या नळ्या गाळानं भरल्या असतील, पंख्याचा पट्टा सैल असेल, इग्निशनचं टायमिंग मागे पडलं असेल, तर शंभर टाक्या लावूनही इंजिन तापणारच. त्यावर रेडिएटर उतरवून रॉडिंग करणं (म्हणजे नळ्यांतून सळई फिरवून गाळ काढणं), पट्टा ताणणं, टायमिंग लावणं हेच उपाय. तसंच, टाकीशिवायही जुनी गाडी नीट चालू शकते. रेडिएटर काठापर्यंत न भरता वरच्या टाकीतल्या नळ्यांची तोंडं बुडतील एवढं पाणी ठेवा. गाडी आपली पातळी शोधून घेते आणि मग एक थेंबही फेकत नाही. ज्याला मूळ गाडीत काहीही घालायचं नाही, त्याच्यासाठी हा मार्ग उत्तम आहे.

तरीही मी टाकीच्या बाजूनं आहे. माझं कारण तापमानाशी संबंधित नाही, गंजाशी आहे. जुन्या इंजिनाचा ब्लॉक बिडाचा, रेडिएटर तांब्या-पितळेचा, जोड शिशाच्या झाळेचे आणि कुठेकुठे ॲल्युमिनियमचे भाग. वेगवेगळे धातू एकाच पाण्यात बसले की त्यांच्यात विद्युत-रासायनिक झीज सुरू होते, आणि प्रत्येक थंड होण्याबरोबर आत येणारा ताजा प्राणवायू तिला खतपाणी घालतो. ब्लॉकच्या आत साचणारा तांबडा चिखल इथूनच येतो. वर आपण भरतो ते पाणी बहुधा नळाचं किंवा बोअरवेलचं. दख्खनच्या पठारावर बोअरचं पाणी बहुतेक ठिकाणी जड असतं. एकदा भरलेल्या जड पाण्यातले क्षार एकदाच बसतात, पण दर आठवड्याला अर्धा लिटर नवं पाणी घातलं तर दर आठवड्याला नवे क्षार येतात आणि सिलेंडरभोवती पापुद्रा जाडावत जातो. कूलंटमधली गंजविरोधी द्रव्यंही प्रत्येक वेळी थोडी रस्त्यावर जातात आणि उरलेलं मिश्रण पातळ होतं. आपल्याकडे पाणी गोठत नाही म्हणून कूलंट कशाला, असं अनेक जण विचारतात. महाराष्ट्रात कूलंटचं खरं काम गोठण रोखणं नाहीच, गंज रोखणं आहे. आणि ते काम त्याला करू द्यायचं तर ते गाडीतच राहिलं पाहिजे.

आणखी एक कारण रस्त्यावरच्या मुक्या जनावरांचं आहे. इथिलीन ग्लायकॉल चवीला गोड असतं. कुत्री-मांजरं ते चाटतात. यकृतात त्याची आम्लं बनतात, मूत्रपिंडात ऑक्झलेटचे स्फटिक साचतात आणि थोड्या मात्रेतही प्राणी मरतो. सोसायटीच्या पार्किंगमध्ये हिरवट डबकं सोडणारी गाडी कितीही देखणी असली तरी तिच्या मालकानं हे मनावर घ्यायला हवं.

बाहेर गेलेलं पाणी साठवून परत घेण्याची कल्पना वाटते त्याहून जुनी आहे. १९२० च्या दशकातल्या कॅडिलॅकच्या व्ही-८ गाड्यांत रेडिएटरच्या ओव्हरफ्लो नळीला जोडलेली एक बंद टाकी चॅसिसला अडकवलेली असे. तिचं नाव कंडेन्सर. त्या काळी थंड देशांत पाण्यात अल्कोहोल मिसळत आणि ते वाफ होऊन उडून जाई. ती वाफ आणि पाणी या टाकीत थंड होऊन थांबे आणि इंजिन निवल्यावर परत ओढलं जाई. पुढे १९६१ मध्ये फ्रान्समध्ये आलेल्या रेनॉ ४ या साध्या, स्वस्त गाडीनं बंद शीतनव्यवस्था सर्वसामान्यांच्या दारात आणली. सुरुवातीच्या गाड्यांत त्यासाठी काचेची बरणी होती. म्हणजे १९५०-६० च्या गाडीला अशी टाकी लावणं म्हणजे तिच्यावर परक्या युगाची वस्तू लादणं नव्हे.

आता ती परत ओढण्याची क्रिया घडते कशी, ते पाहू. शहाळ्यात नळी घालून आपण पाणी ओढतो तेव्हा नळीचं टोक पाण्यात बुडालेलं असावं लागतं. टोक वर आलं की फक्त हवा येते. टाकीचं सगळं तंत्र एवढंच. ओव्हरफ्लोची नळी टाकीच्या तळापर्यंत गेली पाहिजे आणि थंड इंजिनातही टाकीत नळीचं टोक बुडेल एवढं कूलंट राहिलं पाहिजे. टोक तिरपं कापावं, म्हणजे ते तळाला चिकटून बंद होत नाही. टाकीच्या वरच्या बाजूला हवेसाठी एक बारीक भोक लागतं. ही टाकी दाबाखाली नसते, तिला उघडीच ठेवायची असते.

हे सांगणं गरजेचं आहे, कारण टाक्या दोन प्रकारच्या असतात आणि गोंधळ नेहमी होतो. आजच्या बऱ्याच गाड्यांत दाबाचं झाकण टाकीवरच असतं आणि टाकी शीतनचक्राचाच भाग असते. ती गरम असते, दाबाखाली असते, तिला मजबूत घडण लागते. जुन्या गाडीला आपण लावतो ती साधी, बिनदाबाची साठवण टाकी. दाबाचं झाकण रेडिएटरवर जिथे होतं तिथेच राहतं.

फक्त ते झाकण बदलावं लागतं. सगळी मेख इथे आहे, आणि फसलेल्या बहुतेक टाक्या याच ठिकाणी फसलेल्या असतात. जुन्या झाकणाला खाली एक रबरी वायसर असतो, तो दाब धरतो. वरच्या कडेला मात्र नुसती पत्र्याची चकती असते. ती हवाबंद नसते, आणि पूर्वी तशी असण्याची गरजही नव्हती. टाकी लावल्यावर गाडी थंड होताना हवा याच सैल कडेतून आत शिरते, कारण टाकीतलं पाणी वर ओढण्यापेक्षा तो मार्ग सोपा. टाकी भरत जाते, रेडिएटर रिकामा होत जातो आणि मालक म्हणतो, हे काही आपल्या गाडीला चालत नाही. वर आणि खाली असे दोन वायसर असलेलं झाकण घेतलं की प्रश्न सुटतो. रेडिएटरच्या मानेची वरची कडा ठोकाठोकीनं वाकडी झाली असेल तर तीही सपाट करून घ्यावी.

झाकण घेताना दोन मापं पाहावीत. एक, मानेची खोली, म्हणजे वरच्या कडेपासून आतल्या बैठकीपर्यंतचं अंतर. पाऊण इंची आणि एक इंची अशा दोन्ही माना आढळतात. एक इंची मानेवर पाऊण इंची झाकण बसवलं तर खालचा वायसर बैठकीला टेकतच नाही आणि दाब शून्य राहतो. दुसरं, दाब मूळचाच ठेवावा. सात पौंडांसाठी झाळलेल्या पन्नास वर्षं जुन्या पितळी रेडिएटरवर पंधरा पौंडांचं झाकण बसवणं म्हणजे कुठली तरी झाळ फुटण्याची वाट पाहणं. दुकानदार ‘हेच सगळ्यांना बसतं’ म्हणाला तरी घेऊ नये.

युद्धपूर्व गाड्यांचं थोडं वेगळं आहे. फोर्ड मॉडेल टी सारख्या गाड्यांत दाब नव्हताच, आणि मॉडेल टीच्या अगदी सुरुवातीच्या गाड्या सोडल्या तर पंपही नव्हता. गरम पाणी आपोआप वर चढे आणि थंड खाली उतरे, एवढ्यावर काम भागे. अशा गाडीत नक्षीदार झाकणाखाली हवाबंद वायसर घालून दाबाशिवायही पाणी परत ओढता येतं, पण त्यासाठी झाकणाखाली कुठेही हवा झिरपता कामा नये.

लपवण्याचा भाग मला सगळ्यात आवडतो. जुन्या गाडीचं बॉनेट उघडल्यावर जे दिसतं तो तिच्या काळाचा पुरावा आहे. त्यात दुधी प्लास्टिकची, पांढऱ्या अक्षरांची बाटली टांगलेली दिसली की डोळा तिथेच अडखळतो. ऐतिहासिक वाहनांच्या जागतिक संघटनेनं, फीवानं, स्वीकारलेल्या ट्युरिन चार्टरमध्ये याच दृष्टीचा आग्रह आहे: वापरासाठी बदल करावाच लागला तर तो मूळ रचनेला धक्का न लावणारा आणि परत काढता येणारा असावा, आणि काढलेले मूळ भाग गाडीसोबत जपावेत. भारतातही जुलै २०२१ मध्ये केंद्र सरकारनं केलेल्या नियमांनुसार पन्नास वर्षांहून जुन्या गाडीची ‘व्हिंटेज’ नोंदणी करायची, तर ती मूळ रूपात असावी लागते, चॅसिस, बॉडी आणि इंजिनात मोठे फेरबदल नसावेत. एक लहान टाकी त्यात मोडत नाही, तरी तिच्यासाठी मडगार्डला नवी भोकं पाडणं मला मान्य नाही. हॉर्नचा, बॅटरी ट्रेचा किंवा रेडिएटरच्या चौकटीचा आधीचाच एखादा बोल्ट शोधावा आणि पट्टी तिथे अडकवावी.

जागा शोधताना लोक टाकी झाकणाच्या उंचीवरच हवी असं समजतात. तशी गरज नाही. टाकीतलं पाणी वर चढवतो तो बाहेरचा वातावरणाचा दाब. एका पौंडाच्या फरकानं पाण्याचा सुमारे सत्तर सेंटिमीटर उंच स्तंभ उचलला जातो. टाकी झाकणापेक्षा फूटभर खाली असली तरी निवणारं इंजिन ते काम करतं. मात्र टाकी जितकी खाली, तितके झाकण आणि जोड हवाबंद असायला हवेत. या मोकळीकीमुळे ग्रिल आणि रेडिएटर यांच्यामधली अंधारी जागा, मडगार्डच्या आतली बाजू, बॅटरीमागचा कोपरा असे पर्याय खुले होतात. अँबॅसिडरच्या बॉनेटखाली तर जागाच जागा आहे. पंखा, डायनॅमो आणि सायलेन्सरचा पाईप यांच्यापासून अंतर ठेवावं, आणि बंपरखाली फार उतरवू नये, नाहीतर पहिल्याच उंच स्पीडब्रेकरवर टाकी जाईल.

अनेक जुन्या रेडिएटरना ओव्हरफ्लोची पितळी नळी कडेनं खालपर्यंत झाळलेली असते. अशी नळी असेल तर नशीब समजावं. वरचं काहीच बदलायचं नाही. नळीच्या खालच्या टोकाला होज चढवायचा आणि तो खालच्या टाकीत न्यायचा. बॉनेट उघडून पाहणाऱ्याला दिसेल ती फक्त मूळची नळी.

टाकी कशाची करावी? थंड पेयाची किंवा पाण्याची रिकामी बाटली तारेनं बांधलेली अनेक गाड्यांत दिसते. ती ज्या प्लास्टिकची असते ते सत्तर-पंचाहत्तर अंशांच्या आसपास मऊ पडू लागतं. नव्वद अंशांचं पाणी आत आलं की बाटली पिळवटते आणि शेवटी सांधा सुटतो. स्टेनलेस स्टीलची पाण्याची साधी बाटली मात्र चांगली टाकी होते: झाकणाला दोन नळ्या, एक तळापर्यंत आणि एक हवेची, बाहेरून मंद काळा रंग. त्याहून देखणा मार्ग म्हणजे रेडिएटर दुरुस्त करणाऱ्याकडूनच पितळी पत्र्याची टाकी झाळून घेणं. रेडिएटर आणि टाकी एकाच हाताची, एकाच धातूची, वर तोच काळा रंग. लिटरभर क्षमता पुरते: खाली नळी बुडवणारं थोडं कूलंट, त्यावर फुगून येणाऱ्या पाव-अर्ध्या लिटरची जागा आणि थोडी मोकळीक. होज जाड रबराचा, शक्यतो कापडी विणीचा घ्यावा. पातळ पारदर्शक नळी उष्णतेनं मऊ होऊन ओढीखाली चपटी होते, शिवाय ती लांबूनच ओळखू येते.

टाकी बसल्यावर रेडिएटर काठोकाठ भरायचा, यावेळी खरोखर काठोकाठ. टाकीत नळी बुडेल एवढं कूलंट घालायचं, थंड पातळीची खूण करायची. जुन्या तांब्या-पितळेच्या रेडिएटरना पारंपरिक हिरवं, सिलिकेटयुक्त कूलंट वापरावं आणि ते शुद्ध केलेल्या पाण्यात मिसळावं, असा जुन्या गाड्यांच्या जाणकारांचा सर्वसाधारण सल्ला असतो. मग गाडी चांगली तापेपर्यंत फिरवावी आणि रात्रभर तशीच ठेवावी. गरम असताना झाकण उघडायचं नाही, हे पुन्हा सांगायला हवं. शंभराच्या वर गेलेलं पाणी दाब सुटताच वाफ होऊन उसळतं आणि हात-तोंड भाजतं.

सकाळी टाकीची पातळी पुन्हा खुणेजवळ आली आणि रेडिएटर काठोकाठ असला, तर काम झालं. पहिल्या एक-दोन फेऱ्यांत अडकलेली हवा बाहेर पडते, म्हणून पातळी थोडी उतरेल, तेवढं टाकीत घालावं. टाकी भरलेली आणि रेडिएटर रिता आढळला तर वरचा वायसर किंवा होजचा जोड हवा खातो आहे. थंड गाडीचा वरचा होज पाईप पिचकलेला दिसला तर झाकणातली छोटी झडप चिकटली आहे. आणि इंजिन चालू असताना टाकीत सतत बुडबुडे येत राहिले, हवा निघून जाण्याइतका वेळ झाल्यावरही थांबले नाहीत, तर बहुधा सिलेंडरमधला जळका वायू हेड गॅसकेटमधून पाण्यात घुसतो आहे. पूर्वी हा आजार गाडी पाणी फेकते या सर्वसाधारण तक्रारीत दडून राहायचा आणि हेड वाकेपर्यंत कळायचा नाही. आता तो टाकीत डोळ्यांना दिसतो, तेव्हा गाडी त्याच दिवशी मेकॅनिककडे न्यावी आणि गॅसकेट तपासून घ्यावं.